आईचा बर्फ

बुधवार, २२ जानेवारी २०२५

पहाटे भाच्यानं न्यू ऑर्लिन्सहून फोटो टाकले. आपल्या परड्यात असते तशीच केळ, आणि तिच्या बुंध्याशी वीतभर बर्फ. आठ इंच पडला म्हणे. १८९५ नंतर तिथं एवढा पडलाच नव्हता.

मी सहज लिहिलं, आमच्या आईनं कोल्हापुरात बर्फ बघितलाय. लगेच धाकट्याचं उत्तर, "आक्का, गारा गं त्या." खाली तिघांचे हसरे चेहरे.

एवढंच. कुणी वाईट बोललं नाही. तरी दुपारी घास उतरेना.

आईला गारा ठाऊक नव्हत्या होय? दर वळवाला ती परात घेऊन अंगणात धावायची, वेचलेल्या गारा आमच्या तोंडात घालायची. त्यांना ती गाराच म्हणायची. पण जोतिबाच्या यात्रेहून परत आल्या दिवशीचं सांगताना तिचा शब्द एकच, बर्फ. कौलं पांढरी, अंगण पांढरं, तुळशीचा कट्टा दिसेना. तिला माहीत होती ती भुशात ठेवलेली लादी आणि रंकाळ्यावरचा गोळा. आपल्यात लादीही बर्फ आणि हिमालयात पडतो तोही बर्फच. मग अंगणभर पसरलं त्याला तिनं दुसरं काय म्हणायचं होतं?

फरक मला कळतो. हिम भुईवर टिकायला खालपर्यंत थंडी लागते. गारेचं तसं नाही. तापलेल्या भुईवरची हवा उसळते, थेंब ढगात उंच फेकले जातात, गोठतात, थरावर थर चढतो. वर्गात मीच शिकवलंय हे. आणि एकदा पाहुण्यांसमोर आईलाही शिकवलं.

"आसंल बाई. तू शिकल्याली," ती म्हणाली. त्यानंतर ती गोष्ट तिनं माझ्यादेखत काढली नाही. धाकट्यावर कशाला रागावू? त्यानं आज म्हटलं ते मी कधीच म्हणून बसले होते. त्या पाहुण्यांपैकी... जाऊ दे.

मायामीत १९ जानेवारी १९७७ ला बर्फाची नुसती भुरभुर झाली. साचलासुद्धा नाही, तरी तारखेनिशी नोंद आहे. आपल्याकडे पर्जन्यमापकात पडलेल्या गारा वितळतात आणि सकाळी साडेआठला मिलिमीटरमध्ये पाऊस म्हणून लिहिल्या जातात. आईचं पांढरं अंगण कुठल्या वहीत असलंच, तर पाऊस म्हणून असेल. असू दे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावरचं दव गोठतं, तेव्हाही हवेचा पारा शून्याच्या वरच असतो. निरभ्र रात्री गवत हवेपेक्षा गार पडतं. पारा आपलं सांगतो, गवत आपलं.

रात्री भाच्याचा फोन आला. "मावशी, आज्जीनं त्या बर्फाचं काय केलं होतं?"

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, घागरीत भरला, गुळाचं पाणी केलं, यात्रेहून आलेल्या सगळ्यांना तांब्या तांब्या दिलं.

"गार होतं?"

"दात कळ मारत होते म्हणायची."