अंगठ्यावरची शाई

२०१८ च्या डिसेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम शाळा उरकून वस्त्यांवर आली होती. मी तेव्हा किनवट तालुक्यात आरोग्यसेविका. त्या दिवशी वाट्याला एक पोड होतं, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. जीप ओढ्यापर्यंत, पुढं पायी.

वाटेत ड्रायव्हरमामांचा विषय ठरलेला, अंदमान. नोव्हेंबरात जॉन ॲलन चाऊ नावाचा अमेरिकन धर्मप्रसारक कोळ्यांना पैसे देऊन चोरून नॉर्थ सेंटिनेल बेटावर गेला आणि बाहेरच्या जगापासून दूर राहणाऱ्या तिथल्या लोकांनी त्याला मारलं. ती बातमी मामांच्या डोक्यातून जाईना.

"त्या लोकायला माणसात आणाय पाहिजे का नाही, सिस्टर? सुई नाही, शाळा नाही. काय जगणं हाय ते!"

"खरंय," मी म्हटलं. लसीचा डबा मांडीवर घेऊन बसलेली बाई दुसरं काय म्हणणार?

पोडात शुकशुकाट. कापसाची वेचणी चाललेली, पोरंही आईबापांसंगं शेतात. पोडाच्या प्रमुखाच्या, नाईकांच्या दारात एक म्हातारे बाबा तेवढे बसलेले. आशाताई त्यांच्याशी कोलामीत बोलल्या. बाबा माझ्याशी मराठीत बोलले.

"मागं देवीची साथ आली तवा आमच्या आज्यानं पोडच उठवलं. पार आत रानात नेलं. तुमच्याकडचा माणूस यायचा अन् संगं आजार यायचा, बाई."

मला उत्तर सुचेना. आजा चुकला कुठं होता? आम्ही त्यालाच विलगीकरण म्हणतो आणि त्याची प्रशिक्षणं घेतो.

शेवटी म्हटलं, "बाबा, आता पोड उठवून जायला रान कुठं उरलंय? पोरं आश्रमशाळेत, कापूस बाजारात. गोवर घरी येणारच."

ते बराच वेळ गप्प. मग विचारलं, "सुईनं ताप येतो म्हणं?"

"एखाद्याला येतो. आठवड्यानं."

"तवा तुम्ही कुठं असाल?"

आशाताईंनी माझ्याकडं पाहिलं. पोडात मोबाइलला रेंज नव्हती. "आठव्या दिवशी इथं असेन," मी बोलून गेले.

बाबांनी नातवाला शेतात पिटाळलं. अकरा पोरं आली. एका कुपीत दहा डोस, ती फोडली की चार तासांत संपवायची. अकराव्या पोरासाठी दुसरी फोडली. टोचून झालेल्या प्रत्येकाच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण केली. अर्धा तास सगळ्यांना सावलीत बसवून ठेवलं.

त्या हिवाळ्यात अंदमानविषयी मिळेल ते वाचलं. १८८० मध्ये पोर्टमन या इंग्रज अधिकाऱ्यानं सेंटिनेल बेटावरून एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं उचलून पोर्ट ब्लेअरला नेली. सगळी आजारी पडली. म्हातारी दोघं गेली. मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. भेटवस्तूंबरोबर आणखी काय त्या बेटावर उतरलं असेल, याचा विचार मी नर्स असल्यामुळं डोक्यातून जात नाही.

पण झोप उडवली ती अंदमानातल्याच जारवा आदिवासींच्या गोष्टीनं. १९९६ मध्ये पाय मोडलेला एक जारवा मुलगा सापडला. दवाखान्यात कित्येक महिने ठेवून त्याला बरं केलं, परत पाठवलं. पुढच्या वर्षी जारवे धनुष्यबाण न घेता जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला. त्या पोराच्या पायाला प्लास्टर घालायला मी असते, तर घातलंच असतं. आजही घालीन. म्हणून तर भीती वाटते.

सेंटिनेलला नारळ घेऊन जाणाऱ्या सरकारी मोहिमा नव्वदच्या दशकात थांबवल्या, ते बरंच केलं. तिथं लसीचा डबा नेला, तरी लसीआधी माझा श्वास पोचणार. आणि एकदा गेलं की पिढ्यान् पिढ्या जात राहावं लागणार. पोडाबद्दल मात्र कोणी 'त्यांना त्यांच्यासारखं जगू द्या' म्हणालं की मला राग येतो. बहुतेकदा त्याचा अर्थ रस्ता करायचा नाही, एवढाच असतो.

आठव्या दिवशी जीप मिळाली नाही. नवऱ्याच्या मोटारसायकलवर गेले, ओढ्यापासून पायी. दोन पोरांना कणकण होती, पॅरासिटामॉलचं औषध दिलं. निघताना बाबांनी पिशवीत तुरीच्या शेंगा घातल्या आणि नातवाचा अंगठा माझ्यापुढं धरला. नखावरची शाई जवळजवळ गेली होती.

"खूण पुसली, बाई. आतली सुई राहील ना?"