घोरण्याचा आवाज

पावसाळ्यात आमच्या भागात तिन्हीसांजेला गुरं रस्त्यावर येऊन बसतात. शेतात चिखल, मालकाला पर्वा नाही, मग डांबरच बरं. काळी गाय, काळा रस्ता, वरून पाऊस. खांडेपारच्या पुढे उसगावच्या वाटेवर एका वळणावर स्कूटर अशाच एका गायीवर आदळली, तेव्हा आमची गाडी तिथून पाच मिनिटांवर होती.

मी पतसंस्थेत नोकरी करते, वय ४८. गेली तीन वर्षं रविवारी आणि सणावारी एका मंडळाच्या रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक म्हणून जाते. गोव्यात २००८पासून १०८ची सेवा आहे आणि पहिला फोन तिकडेच जायला हवा. त्यांची गाडी लांब असली तर आम्ही आधी पोचतो. गाडीवर आम्ही तिघं असतो: ड्रायव्हर, रीतसर शिकलेला एक तरुण तंत्रज्ञ आणि मी.

मी मुळात रक्ताला भिणारी बाई. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना अंगणात पडला, कपाळ फुटलं. मी त्याला उचलायला वाकले आणि तिथेच शुद्ध हरपून पडले. कपाळातून रक्त गळत असलेला पोर शेजारच्या काकींना बोलवायला धावला, तो आईसाठी. आता तो पुण्याला नोकरीला आहे. दर चवथीला घरी येतो तेव्हा ती खूण मला दिसते. पंचेचाळिशीत या कामात आले ती त्या खुणेमुळे.

प्रशिक्षणात पहिल्यांदा कळलं की ही भीती इतर भीतींसारखी नसते. साप दिसला की रक्तदाब वाढतो आणि वाढलेलाच राहतो. रक्त पाहून घाबरणाऱ्याचा दाब मात्र क्षणभर चढतो आणि मग धाडकन उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं, माणूस कोसळतो. म्हणून ‘दीर्घ श्वास घ्या, अंग सैल सोडा’ हा सल्ला इथे उलटा पडू शकतो. अंग सैल सोडायचं नाही, आवळायचं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत बसवली. हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहरा गरम वाटला की सोडायचे, वीस-तीस सेकंदांनी पुन्हा. असं पाच वेळा. मी बसमध्ये केलं, पतसंस्थेच्या काउंटरमागे केलं, रक्ताचे फोटो समोर ठेवून केलं. तीन महिन्यांनी पहिल्यांदा खरी जखम पाहिली आणि उभी राहिले. त्या दिवसाचा मला आजही अभिमान आहे, आणि तो असायला हवा.

त्या रविवारी गाडीतून मी पहिली उतरले. हेल्मेट घातलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा रस्त्यात बसून ओरडत होता. नडगी फाटून आतलं पांढरं दिसत होतं, आणि रक्त पावसाच्या पाण्यात मिसळून पसरलेलं. वाटीभर रक्त पाण्यात मिसळलं की बादलीभर दिसतं. मी मांड्या आवळल्या, पोट आवळलं, खाली बसले. गॉजचा जाड थर, त्यावर तळव्याचा पूर्ण भार, थर भिजला तरी तो न काढता वर दुसरा. घट्ट पट्टी, मग गुडघा आणि घोटा दोन्ही धरून फळी. त्याच पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं, दोन सेकंदांत रंग परत आला. पट्टी जास्त आवळलेली नव्हती. माझे हात थरथरत नव्हते.

भोवती वीस-पंचवीस माणसं. “उदक दी ताका,” एकजण म्हणाला. पाणी द्यायचं नाही, हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी कोणीतरी बाटली उघडतंच. दुसरा त्याला उचलून पिकअपमध्ये टाकायला निघालेला. आमचा तंत्रज्ञ त्याला आवरत होता, मला सामान देत होता, १०८शी बोलत होता. बाकी कोणी जखमीला हात लावायला तयार नव्हतं, कारण ‘पोलिसांची भानगड’. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे. नाव सांगायचीही सक्ती नाही. हे लोकांपर्यंत पोचलेलं नाही याचा मला राग येतो. मोबाईल मात्र सगळ्यांचे वर होते.

मुलगा एकच ओरडत होता, “म्हजो भाव! म्हजो भाव!” आम्ही वेदनेत आई गं म्हणतो, तसा हा भावाला हाक मारतोय असं मी धरून चालले. म्हटलं, “येतलो रे, येतलो.”

ड्रायव्हर गाडीचे दिवे रस्त्याकडे वळवत होता. तो गटाराच्या कडेला थांबला आणि म्हणाला, “बाय, हांगा कोण तरी घोरता.”

अपघातात घोरणारा माणूस झोपलेला नसतो. हे वाक्य आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. शुद्ध गेली की जीभ मागे पडते, श्वासाची वाट अर्धी बुजते आणि तो आवाज येतो. ओरडणाऱ्याची वाट मोकळी असते. गप्प असलेल्याकडे आधी जायचं. पहिली उतरणाऱ्याने आधी पूर्ण फेरी मारायची, किती जखमी हे मोजायचं. त्या दिवशी ते काम माझं होतं.

तो गवतात उताणा पडला होता. डोक्यावर हेल्मेट नाही, अंगावर रक्ताचा थेंब नाही. टॉर्चमध्ये ओठ जांभळे. मी डोक्याशी गुडघे टेकले आणि मान न हलवता दोन्ही हातांची बोटं जबड्याच्या कोनांमागे घालून जबडा वर, पुढे उचलला. घोरणं थांबलं. छाती खोल हलली. तंत्रज्ञाने सक्शन केलं, जीभ मागे पडू न देणारी नळी, एअरवे, तोंडात बसवला, ऑक्सिजन लावला. ओलं, गार बोट पुसल्याशिवाय ऑक्सिमीटरवर विश्वास नसतो. पुसून लावलं तेव्हा रक्तातला ऑक्सिजन ७८ टक्के. हॉस्पिटलपर्यंत ९४. मानेला कॉलर, पाठीखाली बोर्ड, सगळं नीट झालं. १०८ची गाडी आली, तिने पायवाल्याला नेलं. जाताना तो स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघत होता. तो मला पहिल्यापासून सांगत होता.

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, “श्वास असा कधीपासून?” मी म्हटलं, “आम्ही पोचलो तेव्हापासून असणार.” पुढचं वाक्य माझ्याने बोलवलं नाही.

त्याला बांबोळीला, सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात हलवलं. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरला कोणाकडून तरी कळलं की व्हेंटिलेटर काढलाय. त्यापुढचं ठाऊक नाही. विचारत फिरायचं नसतं, हाही नियमच.

मला भीतीने त्या दिवशी अडवलं नाही. उलट, रक्ताकडे बघता येतं म्हणून मी फक्त रक्ताकडेच बघत राहिले का, हे मी रोज स्वतःला विचारते. तंत्रज्ञ म्हणतो, पावसात, अंधारात, गर्दीत कोणाचंही झालं असतं. तो मनाचा मोठा आहे, आणि चुकतोय.

परतल्यावर गाडीतच बसून कागद भरला. पोचल्याची वेळ ७:१२. पहिल्या जखमीला हात लावला ७:१३. दुसऱ्यापाशी पेन थांबलं. तंत्रज्ञ हळूच म्हणाला, “दोघांना एकच वेळ लिही गो, कोण बघतंय?”

मी ७:२० लिहिलं, खाली सही केली, आणि कार्बनच्या प्रतीवर ते नीट उमटलंय ना, ते पान उचलून पाहिलं.