धुळीची शिकवणी

आमच्या घरात धूळ पुसायची तीन फडकी आहेत. एक कोरडं, एक ओलं, आणि एक फक्त पाहुणे येणार म्हटल्यावर बाहेर निघणारं. सोलापुरात राहायचं तर धुळीशी वैर परवडत नाही आणि मैत्रीही जमत नाही. होळी झाली की रानातली काळी माती वाऱ्यावर गावात येते, खणलेला रस्ता तिला साथ देतो, आणि यंत्रमागांच्या गल्लीत सुताची बारीक लव वेगळीच. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. चाळीस वर्षं हेच पुसत आलेल्या बाईनं मे महिन्यात गल्लीतल्या नऊ पोरांना चॉक पेस्टल शिकवायचं ठरवलं, तेव्हा आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, “पुसून कंटाळलीस, म्हणून आता विकत आणून उडवणार काय?”

तसं बघितलं तर त्यांचं चुकलं नव्हतं. चॉक पेस्टल म्हणजे रंगाची पूड, खडूची पांढरी भुकटी, आणि दोघी एकमेकींना कशाबशा धरून राहाव्यात म्हणून नखभर डिंकाचं पाणी. मळायचं, वळायचं, वाळवायचं. पेस्टल हा शब्दही इटालियनमधल्या ‘पास्ता’वरून आलेला, म्हणजे मळलेला गोळाच. गच्चीवर सांडगे घालणाऱ्या कुठल्याही बाईला हा कारखाना परका वाटणार नाही. डिंक जास्त झाला तर कांडी टणक होते आणि कागद नुसता खरवडते. तो कमी पडतो म्हणूनच रंग सुटतो. रांगोळी चिमटीतून सुटते, ही कांडीतून. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर बायका रांगोळ्या घालतात, त्यांना भुकटीचा स्वभाव मी काय सांगणार! माझी स्वतःची पात्रता म्हणजे शाळेत असताना दिलेल्या चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा, त्यातही दुसरीला सी ग्रेड.

पहिल्या दिवशी नऊपैकी पाच जण ऑइल पेस्टल घेऊन आले. दुकानात ‘पेस्टल’ म्हटलं की तीच पेटी पुढ्यात येते, शाळेत तीच लागते. ओळखायची खूण सोपी. रेघ मारून तीवर बोट ओढायचं. बोटाला कोरडी भुकटी आली तर चॉक, मेणचट चकाकी आली तर तेलाचं. दोन्ही एका कागदावर नांदत नाहीत, तेलकट थरावरून चॉक नुसतं घसरतं. मग माझ्या पेटीतल्या कांड्या मोडून वाटल्या.

मोडून म्हणजे खरंच मोडून. नव्या कोऱ्या कांडीचा कागद फाडायचा आणि कट्‌कन दोन तुकडे करायचे, हे सांगितल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले. “आई मारंल की!” असं एकानं ठामपणे सांगितलं. पण पेन्सिलीसारखी टोकानं धरली तर पेस्टलची निम्मी गंमत गेली. तुकडा आडवा टाकून कडेनं ओढला की तीन बोटं रुंद आभाळ एका हातासरशी उतरतं. ते एकदा दिसल्यावर मात्र मोडायला एवढा ऊत आला की शेवटी पेटी मांडीखाली घेऊन बसावं लागलं.

वेळ दुपारी चारची ठेवली, ही माझी अक्कल. पारा त्रेचाळीसवर. पंखा लावला तर भुकटी उडते, बंद केला तर पोरांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टप्‌कन आभाळात. जिथं थेंब पडला तिथं काळपट डाग, आणि घामेजल्या बोटानं रंग पसरायच्या ऐवजी त्याचा लगदा होतो. दुसऱ्या दिवसापासून वर्ग सकाळी साडेसहाला, अंगणातल्या ओट्यावर. त्या वेळी वारं पडलेलं असतं आणि पोरांचा दंगाही अजून अर्धा झोपेत असतो.

कागदाची गोष्ट जरा निराळी. गुळगुळीत ड्रॉइंग पेपरवर भुकटी थांबत नाही, तिला अडकायला बारीक खळगे लागतात. पेस्टलसाठी मुद्दाम बनवलेला खरबरीत कागद मिळतो, पण नऊ पोरांना तो पुरवायचा म्हणजे माझी पेन्शन संपली. उपाय घरातच सापडला. वह्यांना घालायच्या खाकी कागदाची एक बाजू चकचकीत असते आणि दुसरी निस्तेज. त्या निस्तेज बाजूवर पेस्टल छान बसतं. शिवाय पांढऱ्या कागदावर बेकार बसून राहणाऱ्या पांढऱ्या कांडीला खाकीवर पहिल्यांदा काम मिळालं. “काकू, पांढरा दिसतोय की!” हे मी त्या सकाळी नऊ वेळा ऐकलं, आणि नवव्यांदाही मला ते आवडलं.

मग सगळ्यांनी डोंगर काढले. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी. सोलापुरात उभं राहून चहूकडे मान फिरवा, डोंगर म्हणावं असं काही नाही. आमच्याकडे उंच म्हणजे जुन्या गिरणीची चिमणी. हे दोन डोंगर पोरं आणतात कुठून, हे मला आजवर न सुटलेलं कोडं आहे. मी म्हटलं, सिद्धेश्वराचं देऊळ काढा, तळ्यातलं. सगळ्यांनी पाहिलंय, आणि पाणी काढायला पेस्टलसारखं दुसरं काही नाही. देवळाचे जे रंग वर असतील तेच खाली उलटे लावायचे, बोट सरळ उभं खाली ओढायचं, आणि मग त्यावर हलक्या हातानं एक-दोन आडव्या पांढऱ्या रेघा. बस, तळं हललं. मुलांइतकीच मीही दचकते त्या क्षणाला.

डोंगर सोडायलाच जे तयार नव्हते त्यांच्यासाठी फाडलेल्या कागदाची युक्ती. कागद हातानं वेडावाकडा फाडायचा, फाटक्या कडेवर जाड खडू घासायचा, तो चित्रावर ठेवून कडेवरची भुकटी बोटानं बाहेर ढकलायची. कागद उचलला की धुक्यातली डोंगररांग तयार. एका पोरानं दुसऱ्या दिवशी काकाच्या कारखान्यातून जॅकार्डचा जुना पुठ्ठा आणला, चादरीवरची नक्षी मागाला सांगणारा, रांगेनं भोकं पाडलेला. तो कागदावर ठेवून वरून खडू घासला, तर खाली ठिपक्यांची रांगोळी. हे मी शिकवलं असं सांगायला मला फार आवडलं असतं.

सगळ्यांत अवघड काय, तर फुंकर न मारायला शिकवणं. भुकटी दिसली की पोर गाल फुगवतंच. ती शेजाऱ्याच्या तोंडावर जाते, चित्रावर ठिपके पाडते आणि श्वासात जाते. म्हणून फू नाही. कागद उभा धरायचा, मागून टिचकी मारायची, खालच्या वर्तमानपत्रावर पडेल ते पडेल. आमचे हे तेवढ्यात येऊन ‘आजचाच पेपर आहे तो’ म्हणून बघून गेले. राशिभविष्य सगळं निळं झालं होतं.

आणि बोट. एकदा रंगात गेलेलं बोट थांबत नाही. नारिंगी आभाळ निळ्याला मिळवताना पहिल्या दोन हातांत संध्याकाळ होते, चौथ्या हातात ढग येतात, आणि दहाव्या हातात सरळ शेंगाचटणी. मग मी नियम केला: तीन वेळा फिरवलं की हात पाठीमागं. करंगळी पिवळ्याची, अनामिका तांबड्याची, प्रत्येक रंगाला आपापलं बोट, आणि मध्ये ओलं फडकं. हो, तेच घरातलं. पाहुण्यांचं तेवढं मी लपवून ठेवलं.

पण एक मुलगी बोट लावायलाच तयार नव्हती. चौथीतली, घरी तेलुगू बोलणारी, वडील चादरीच्या मागावर. तिनं आभाळ केलं ते नुसत्या रेघांचं. उभ्या तांबड्या, त्यांवरून आडव्या पिवळ्या, शाळेच्या पट्टीनं आखाव्यात तशा. मी म्हटलं, “अगं, पसरव की जरा. बोटानं मऊ कर.” तिनं मान हलवली. मी पुन्हा सांगितलं, जरा मास्तरकीच्या आवाजात. तेव्हा ती हळूच म्हणाली, “चादरीत धागा कुठं पुसत्यात काकू?”

चित्र ओट्याच्या कठड्याला टेकवून मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, नळापाशी जाऊन उभी राहिले. तांबडं आणि पिवळं कुठंच नव्हतं. नारिंगी आभाळ होतं, आणि ते जरा थरथरत होतं. घोटलेलं आभाळ तसं थरथरत नाही. माझ्या पलंगावरच्या चादरीत उभा ताणा एका रंगाचा आणि आडवा बाणा दुसऱ्या, हे मी जन्मभर अंगावर घेऊन झोपले आणि बघितलं नाही. एडगर देगा या फ्रेंच चित्रकारानंही आपली बरीच पेस्टलं अशीच रेघांवर रेघा चढवून केली होती, न पुसता, थरावर थर. त्याच्या आधीच्या शतकातल्या शार्दां या चित्रकाराला म्हातारपणी तैलरंग डोळ्यांना सोसेनात, म्हणून त्यानं पेस्टल हाती घेतलं. १७७५ मधलं त्याचं स्वतःचं चित्र, चष्मा लावून, डोक्याला फडकं बांधून, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातही गालावरच्या रेघा सुट्या दिसतात. छापील चित्रात मी हे कितीदा पाहिलं होतं, आणि तरी पोरांना ‘घोटा, घोटा’ करत होते. सी ग्रेड काही उगाच मिळत नाही.

शेवटच्या दिवशी चित्रं पक्की करायचा प्रश्न आला. फवारायचा फिक्सेटिव्ह मिळतो, नाहीतर केसांचा स्प्रे लांबून हलका मारतात. भुकटी धरते खरी, पण फिकट रंग थोडे विझतात. आठ जणांनी स्प्रे मारून घेतला, मुख्यतः वास आवडला म्हणून. तिनं नको म्हटलं. वर बटर पेपर घालून देते म्हटलं, तर त्यालाही रंग लागेल म्हणाली. ते खरंच होतं, थोडा लागतोच.

मग तिनं ते चित्र दोन्ही तळव्यांवर आडवं घेतलं, आरतीचं ताट न्यावं तसं, आणि चालू लागली. मी फाटकात उभी राहून बघत होते. कोपऱ्यावर टमटम भुर्रकन वळली आणि रस्ताभर धुरळा उठला. ती तिथंच वाऱ्याकडे पाठ करून वाकली, चित्र पोटाशी घेऊन, पण पोटाला न टेकवता, आणि धूळ खाली बसेपर्यंत तशीच उभी राहिली.