खाल्लेलं जाता खंय?

देवगडच्या बाजारात कोणी ना कोणी विचारतंच, "इतक्या खातंस, जाता खंय?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा बसून सांगतो.

खाल्लेलं अंगाला लागायला आतडं लागतं. माझं लहान आतडं 80 सेंटिमीटर उरलंय. तुमचं पाच-सहा मीटर असेल. छातीत धडधड व्हायची, ती मी कलमांच्या मोहोराच्या धावपळीत अंगावर काढली. हृदयात धरलेली गुठळी सुटली आणि आतड्याच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकली. मी गडाबडा लोळत होतो, पण पोट दाबून बघावं तर मऊ. गावात ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळालं. घाट चढून कोल्हापूर गाठेपर्यंत आतडं काळं पडलं होतं.

काळं पडलेलं कापून काढलं, उरलेल्याचं तोंड पोटावर आणलं. पहिले पाच महिने खाल्लेलं-प्यायलेलं पोटावरच्या पिशवीत. तहान तर अशी की घसा जळायचा. येईल तो शहाळी घेऊन येई (आजाऱ्याकडे आपण दुसरं काय नेतो?), आणि मी प्यायलो की पिशवी भरे, प्यायलो त्याहून जास्त. साध्या पाण्यात सोडियम नसतं, शहाळ्यात अगदी कमी. आखूड आतड्यात असं पाणी उतरलं की अंगातलं मीठ त्यात झिरपतं, आणि मिठामागे पाणीही. मापात मीठ-साखर घातलेलं पाणी मात्र मुरतं, कारण साखर मिठाला आत ओढून नेते. हे कळेपर्यंत मी सुकत गेलो.

पुढे मोठ्या आतड्याला जोडलं, तेव्हा पाणी ठरू लागलं. तिथले जंतू न पचलेल्या भातातूनही थोडी ताकद काढून देतात. लहान आतड्याचा शेवटचा भाग गेला, म्हणून बी-12 सुईतून. पित्त वाया जातं, तेलकट पचत नाही. आणि अळूचं फदफदं बंद! न पचलेली चरबी कॅल्शियम अडवून बसते, मग एरवी कॅल्शियम ज्याला धरून ठेवतं ते अळूतलं ऑक्झलेट (एक क्षार) मोकळं सुटतं आणि मुतखडे होतात. बाकी सगळं सोसलं, हे नाही.

तरीही पुरत नाही. डॉक्टर म्हणतात आतडं निकामी; म्हणजे काम करतं, पण जगण्यापुरतं नाही. आठवड्यातून तीन रात्री छातीतल्या नळीतून अन्न थेट रक्तात जातं. बायको हात धुऊन, मास्क लावून नळी जोडते. गणपतीत घर भरलेलं असलं तरी त्या वेळी खोलीचं दार बंद. जंतू शिरला तर तोही थेट रक्तातच.

सकाळी नळी सुटली की पेज, मीठ जरा सढळ. दहाला पुन्हा भूक. तेव्हाच मी तुम्हाला बाजारात खाताना दिसतो.