बॅकअप सुरू झाला की डिस्क गायब

सांगलीत मी नेटवर्किंगची कामे करतो. दवाखान्यांत आणि शाळांत केबल ओढणे, कॅमेरे बसवणे, राउटर लावून देणे हा रोजचा धंदा. परंतु २०१९ च्या महापुरानंतर त्यात एका वेगळ्या कामाची भर पडली. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून गावभागातल्या तळमजल्यांचे काय झाले असेल याची कल्पना यावी. कपाटांतले अल्बम, निगेटिव्ह आणि कागदपत्रे चिखलात गेली, आणि जे वाचले ते स्कॅन करून घरातच नीट ठेवायचे कसे, हे लोक विचारू लागले. तयार नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाईल साठवणारे यंत्र, घ्यावा तर किंमत परवडत नाही, क्लाउडचे दरमहा भाडे नको असते. मग रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आणि दोन यूएसबी हार्ड डिस्क असा मध्यममार्ग निघतो. मार्ग चांगला आहे, परंतु त्यात सगळ्यात कमी लक्ष ज्या वस्तूकडे जाते ती म्हणजे पॉवर ॲडॉप्टर.

ही हकीकत गावभागातल्या एका निवृत्त फोटोग्राफर काकांच्या घरची. पुरातून वाचलेल्या निगेटिव्ह त्यांनी धुऊन, वाळवून, स्वतः स्कॅन केल्या होत्या. एकेक टिफ फाईल शंभर एमबीच्या घरात, त्यामुळे डेटा दोन टीबीच्या पुढे गेलेला. त्यांच्या भाच्याने नोकरीनिमित्त परदेशी जाण्यापूर्वी रास्पबेरी पाय ४ वर ओपनमीडियाव्हॉल्ट ही फाईल साठवणीची प्रणाली बसवून दिली होती, दोन पोर्टेबल डिस्क जोडल्या होत्या, आणि रोज रात्री दोन वाजता पहिल्या डिस्कवरचे सगळे दुसरीवर उतरावे अशी आरसिंक या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमची व्यवस्था लावली होती. कल्पना उत्तम होती. वर्षभर ती चाललीही, आणि मग बिघडू लागली.

“अहो, दिवसभर झकास चालतंय,” काका फोनवर म्हणाले, “आणि सकाळी उठून बघतोय तर एक डिस्क गायब. बटण बंद करून चालू केलं की कधी दोन्ही दिसत्यात, कधी एकच. आता तर काहीच उघडंना.”

त्याआधी त्यांनी दुसरी डिस्क एका ठिकाणी दाखवली होती. तेथे तिचा खाट खाट आवाज ऐकून ‘हेड गेले आहे’ (हेड म्हणजे डिस्क वाचणारा-लिहिणारा भाग) असे निदान झाले आणि डेटा काढून देण्याचा असा आकडा सांगण्यात आला की काकूंनी डिस्क तशीच परत आणायला लावली. हा आकडा नसता तर कदाचित ती डिस्क उघडली गेली असती, म्हणून काकूंचा काटकसरी स्वभाव या प्रकरणात फारच उपयोगी पडला असे मी मानतो.

त्यांच्या घरी पोहोचल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे पायची पिन काढली आणि दोन्ही डिस्क बाजूला केल्या. अशा वेळी गिऱ्हाइकाला ‘एकदा चालू करून दाखवू का’ म्हणण्याची फार घाई असते. काकांचा हात बटणाकडे गेलाच होता. मी त्यांना थांबवले आणि आधी मेमरी कार्ड माझ्या लॅपटॉपला लावून भाच्याने लिहिलेली आरसिंकची ओळ वाचली. तिच्यात ‘डिलीट’ हा पर्याय लावलेला होता. म्हणजे मूळ डिस्कवर जे नाही ते प्रतीवरूनही पुसून टाकायचे. एरवी हे योग्यच असते, नाहीतर नाव बदललेले फोल्डर दोनदोनदा साचत जातात. पण माउंटच्या, म्हणजे कोणती डिस्क कोणत्या फोल्डरला जोडायची त्याच्या, यादीत दोन्ही डिस्कपुढे ‘नोफेल’ही लिहिलेले होते. डिस्क सापडली नाही तरी यंत्र अडून न बसता सुरू व्हावे, हा त्याचा अर्थ.

हे दोन पर्याय एकत्र आले की काय होऊ शकते ते पाहा. यंत्र सुरू होताना मूळ डिस्क सापडली नाही, तरी तिच्या नावाचा रिकामा फोल्डर जागेवर असतोच. रात्री दोन वाजता आरसिंक त्या रिकाम्या फोल्डरकडे पाहते, तेथे काहीच नाही असे समजते, आणि दुसऱ्या डिस्कवरचे दोन टीबी इमानेइतबारे पुसून टाकते. डिस्क वाचताना मध्येच तुटली तर आरसिंकला वाचनातली चूक कळते आणि ती पुसण्याचे काम सोडून देते. परंतु रिकामा फोल्डर ही चूक नसते. काका बटण बंद-चालू करत होते तेव्हा कोणती डिस्क दिसेल आणि कोणती नाही हे प्रत्येक वेळी नशिबावर सोडलेले होते. ते मी त्यांना तेव्हा सांगितले नाही. डिस्कमध्ये काय शिल्लक आहे ते आधी पाहणे भाग होते.

पहिली डिस्क लॅपटॉपला लावून फक्त वाचण्यापुरती माउंट केली, जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, तीसुद्धा हलू न देता. फोल्डर एकामागून एक उघडले: १९८६ सालची लग्ने, गणपती संस्थानच्या मिरवणुका, हळदीच्या बाजारातले पोत्यांचे ढीग. सगळे जागेवर होते. काकांनी खुर्ची ओढून घेतली आणि ते एकेक फोटो ओळखू लागले. दुसरी डिस्क, म्हणजे ‘हेड गेलेली’, तीही माझ्या लॅपटॉपवर निमूटपणे चालू झाली. तिचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, काढला. खराब म्हणून बदललेले सेक्टर, म्हणजे साठवणीचे कप्पे, शून्य, वाचता न आलेले सेक्टर शून्य. एक आकडा मात्र डोळ्यांत भरला. वीज अचानक गेल्यामुळे हेड घाईने मागे घ्यावे लागले, अशी १९२ क्रमांकाची नोंद असते. ती तीनशेच्या वर गेली होती. खाट खाट आवाज त्याचाच होता. डिस्क नादुरुस्त नव्हती. तिला पुरेशी वीज मिळत नव्हती.

मग ॲडॉप्टर हातात घेतला. मोबाईलचा फास्ट चार्जर, वर ठळक अक्षरांत १८ वॅट. भाच्याला वाटले असणार की पायला १५ वॅट लागतात, हा तर १८ चा आहे. परंतु बारीक अक्षरांत खाली लिहिलेले असते ते महत्त्वाचे: ९ व्होल्टला २ अँपिअर, आणि ५ व्होल्टलाही २ अँपिअर. नऊ व्होल्ट मागण्याची भाषा फोनला येते, पाय ४ ला येत नाही. त्याला मिळतात ते ५ व्होल्टचे १० वॅट. त्यावर हे महाशय स्वतः चालणार, वर दोन डिस्क चालवणार. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांतून मिळून सुमारे १.२ अँपिअरच देता येतात, आणि अडीच इंची डिस्क फिरू लागते त्या क्षणी एकटीच एक अँपिअरच्या आसपास ओढते.

काकांच्या डिस्क चाचणीसाठी लावायच्या नाहीत हे उघड होते. माझ्या पिशवीत दोन जुन्या पोर्टेबल डिस्क असतात, त्या जोडल्या, कार्डाऐवजी माझे कार्ड घातले आणि चार्जर व पाय यांच्या मध्ये यूएसबी मीटर बसवला. नुसता पाय चालू असताना ४.९ व्होल्ट. एक डिस्क फिरत असताना ४.७५ च्या आसपास. मग दोन्ही डिस्क झोपवल्या आणि एकदम जाग्या केल्या. मीटरवरचा आकडा ४.६ च्या खाली गेला, पायचा लाल दिवा मिचकावला, एका डिस्कमधून तोच खाट आवाज आला आणि ती यादीतून नाहीशी झाली. पायला त्याची स्थिती विचारली तर उत्तर आले ०एक्स५०००५: आत्ता व्होल्टेज कमी आहे, प्रोसेसरचा वेग उतरवला आहे, आणि या दोन्ही गोष्टी सुरू केल्यापासून घडलेल्या आहेत. इशाऱ्याची मर्यादा सुमारे ४.६३ व्होल्ट आहे.

दिवसा सर्व ठीक आणि रात्री बिघाड, हे कोडे येथे सुटले. दिवसा काका फक्त मूळ डिस्क वापरत आणि दुसरी झोपलेली असे. रात्री दोन वाजता, केवळ बॅकअपसाठी, दोन्ही एका वेळी उठत. डेटा वाचवण्यासाठी लावलेले कामच दर रात्री डिस्कच्या मुळावर येत होते. यंत्र बंद करून चालू करण्याने तोच प्रसंग पुन्हा घडे, कारण सुरू होतानाही दोन्ही डिस्क एकदमच फिरू लागतात.

‘काहीच उघडेना’ याचा उलगडा कार्डावर झाला. शेवटच्या एका वेळी दुसरी डिस्क सापडली नव्हती, तिच्या नावाचा रिकामा फोल्डर मात्र होता, आणि आरसिंकने फोटो त्या फोल्डरात, म्हणजे ३२ जीबीच्या मेमरी कार्डावरच, ओतायला सुरुवात केली होती. कार्ड काठोकाठ भरले आणि ओपनमीडियाव्हॉल्टचे पानही उघडेनासे झाले. मूळ डिस्कऐवजी प्रतीची डिस्क हरवली म्हणून कार्ड भरण्यावर निभावले. हे काकांना समजावून सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग काकूंना हाक मारून त्यांनी चहा ठेवायला सांगितला.

दुरुस्तीचा बेत दोघांना विचारूनच ठरवला. पाय तोच ठेवला, त्याला त्याचा अधिकृत ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा ॲडॉप्टर दिला. पोर्टेबल डिस्क निवृत्त करून त्यांच्या जागी साडेतीन इंची, सीएमआर प्रकारच्या (डेटाचे पट्टे शेजारीशेजारी लिहिणाऱ्या) ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या. स्वस्त पोर्टेबल डिस्कमध्ये बहुधा एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिण्याची पद्धत) असते आणि सलग मोठे लेखन आले की ती दमते. प्रत्येक डिस्कला वेगळी केस आणि वेगळा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर, म्हणजे एक ॲडॉप्टर बिघडला तरी दुसरी डिस्क चालू राहील आणि पायवर डिस्कच्या विजेचा भार येणार नाही. सगळ्यांच्या मागे छोटा यूपीएस. “रेड करून टाका म्हणत होते एक जण,” काका म्हणाले. रेडच्या आरशासारख्या जोडीत दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिले जाते, म्हणून चुकून पुसलेली फाईल त्याच क्षणी दोन्हीकडून जाते, तेव्हा तुमच्या कामाला रात्रीची प्रतच बरी, असे मी सांगितले आणि त्यांना ते पटले.

डेटा नेटवर्कवरून नव्या डिस्कवर उतरवायला घेतला तर वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. हा आकडा दिसला की मी डिस्ककडे पाहतही नाही. तो शंभर एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिटच्या, लाइनचा असतो. वरच्या खोलीतून आलेल्या केबलच्या जॅकमध्ये आठांपैकी एक तार नीट दाबली गेलेली नव्हती. जॅक कापून नव्याने क्रिंप केला आणि वेग सेकंदाला १०० एमबीच्या पुढे गेला.

आरसिंकचे काम मात्र सावकाश केले. आता ती सुरू होण्याआधी दोन्ही जागी खरोखर डिस्क माउंट आहे का हे तपासते, शिवाय मूळ डिस्कवर काकांनीच ठेवलेली ‘इथेच आहे’ नावाची छोटी फाईल शोधते. ती नसेल तर काम सुरूच होत नाही आणि काकांच्या फोनवर निरोप जातो. पुसल्या जाणाऱ्या फाईलही थेट जात नाहीत, तारखेच्या वेगळ्या फोल्डरात महिनाभर राहतात. हे सगळे झाल्यावर मी मूळ डिस्कची पिन मुद्दाम काढली, पाय पुन्हा सुरू केला आणि काम चालवले. निरोप आला, प्रतीला धक्का लागला नाही. मग तीच चाचणी काकांना स्वतःच्या हाताने करायला लावली.

सगळे यंत्र पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, माळ्यावर ठेवले. निवृत्त केलेल्या पोर्टेबल डिस्कपैकी एकीवर तिसरी प्रत उतरवून ती मिरजेला मुलीकडे ठेवायची, दर तीन महिन्यांनी ताजी करायची, असे ठरले. ‘हेड गेलेली’ डिस्कच काकांनी त्यासाठी निवडली. दीर्घ स्मार्ट चाचणी निर्विघ्न पार पडल्यावर मीही हरकत घेतली नाही.

निघताना त्यांनी विचारले, मिरजेहून मोबाईलवर फोटो बघता येतील का. राउटरमध्ये एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडला की झाले, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. फाईल शेअरिंगचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवणे मला मान्य नाही. २०१७ साली वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो याच मार्गाने. मिरजेहून फोटो बघण्यासाठी वायरगार्ड, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग, बसवायचा आणि मुलीच्या फोनमध्ये त्याची चावी घालायची, तर तिचा फोन समोर हवा. ती रविवारी येणार होती, म्हणून ते काम रविवारवर ठेवले आणि बिल त्याच्यासकट लिहून दिले.