डाव्या बोटाचं ‘हो’

नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, काढणारी तंत्रज्ञ आहे. बहुतेक दिवस फिटच्या रुग्णांचे आलेख काढण्यात जातात. गेल्या मे महिन्यात मात्र एका संशोधक मुलीसोबत मानेवाड्यात एका घरी गेले होते.

काकांना मोटर न्यूरॉन आजार. हातपाय गेले, वाचा गेली, श्वासाला मशीन लागलं. या आजारात डोळ्यांची हालचाल सहसा खूप उशिरापर्यंत टिकते, त्यामुळे अक्षरांच्या तक्त्यावर नजर फिरवून ते बोलायचे. पुढे नजरही ठरेना. मग घरचे त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याचबद्दल बोलू लागले, जसे ते तिथे नाहीतच. मला ते फार लागलं.

हा आजार हालचालीच्या पेशी खातो. स्पर्शाच्या नसा बहुतांशी शाबूत राहतात. त्यांच्याकडून ‘हो-नाही’ मिळवायची आमची सारी भिस्त त्यावर. मोबाइलमध्ये असतात तशा थरथरणाऱ्या तीन छोट्या मोटरी बांधल्या. डाव्या बोटाला ‘हो’, उजव्याला ‘नाही’, तिसरी पाठीवर. पाठीवरची सारखी वाजते, बोटांवरच्या अधूनमधून. ‘हो’ म्हणायचं तर फक्त डाव्या बोटाचे कंप मनात मोजायचे. वाट पाहत असलेला कंप आला की साधारण 300 मिलिसेकंदांनी मेंदूत लाट उठते, तिला पी-300 म्हणतात. फारवेल आणि डॉन्चिन या संशोधकांनी 1988 मध्ये याच लाटेवरून पडद्यावरची अक्षरं निवडून दाखवली होती. एकट्या लाटेवर विसंबता येत नाही. अनेकींची सरासरी काढावी लागते, म्हणून एका उत्तराला मिनिटभर तरी जातो.

जेल भरून ईईजीची टोपी काकांच्या डोक्यावर चढवली, तर आलेखात कूलरच्या विजेचा 50 हर्ट्झचा गोंगाट. कूलर बंद केला, तर घामानं रेषा वाहवत चालल्या. काकू पुठ्ठ्यानं वारा घालत बसल्या.

काका बैलबाजारात दलाल होते. मी पद्धत समजावू लागले तशा काकू म्हणाल्या, “रुमालाखाली बोटं दाबून सौदे केले जी त्यांनी जलमभर. बोटाचं त्यांले नोका सांगू.”

माहितीतले प्रश्न आधी विचारले. उत्तरं बरोबर आली. मुलाला शेताचं विचारायचं होतं. काकू आडव्या आल्या, “आधी दुखते का, ते विचारा.”

हो.

पाठ? नाही. खांदा? नाही. डावा खुबा? हो. खात्रीसाठी बोटांची अदलाबदल केली, उजवं बोट ‘हो’ ठेवलं. तरी हो.

कूस वळवली. चादरीच्या घडीखाली रुपयाएवढा लालभडक चट्टा. आठ दिवस रात्री त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“अन् मी डोळ्यात थेंब घालत होते बाप्पा,” काकू म्हणाल्या आणि उशी सरकवत राहिल्या.

काकांचा सदरा घामानं चिंब झाला होता. कूलर लावला की आलेख बंद, हे त्यांनी ऐकलं होतं. काकूंनी विचारायला सांगितलं, “लावू का जी कूलर?”

उत्तर आलं, नाही.