लाल झालेली मान आणि एक फॉर्म

परवा रात्रपाळीला दहा नंबरच्या काकांना व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकची ड्रिप लावून वीसेक मिनिटं झाली असतील. "सिस्टर, अंगाची आग होतेय ओ," म्हणाले. बघते तर चेहरा, मान, छाती लालबुंद, खाजवून वळ उठलेले. ड्रिप बंद केली, बीपी घेतलं, डॉक्टरांना बोलावलं. एक ग्रॅम जायला किमान तासभर लागायला हवा. इथे बाटली अर्धी संपली होती.

काका निवांत झोपल्यावर मी औषधाचा दुष्परिणाम कळवायचा फॉर्म काढला. सोबतची म्हणाली, "कशाला लिहितेस? आपल्यावरच येईल."

या भीतीपायी मीही कित्येक वर्षं गप्प राहिले, त्याचं आज वाईट वाटतं. कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. औषधामुळेच झालं हे सिद्ध करणंही आपलं काम नाही, संशय पुरतो. रुग्णाची आद्याक्षरं, वय, औषध, त्रास, तो सुरू झाल्याची तारीख आणि आपलं नाव, एवढं हवंच. मी ड्रिपचा वेगही होता तोच लिहिला. औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याचा हा सरकारी कार्यक्रम २०१० पासून देशभर चालतो, नोंदी गाझियाबादच्या केंद्रात जमा होतात. फॉर्म हाताशी नसेल तर १८००-१८०-३०२४ वर फोन करा.

सकाळी हँडओव्हर देताना काकांच्या केसपेपरवर लाल पेनानं लिहिलं : व्हँकोमायसिन, सावकाश.